बोडकीच्या पोटातलं रान

पेमा आडे याला माणसांशी बोलायचा भारी कंटाळा. जनावरांशी मात्र तो दिवसभर बोलतो, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं समोरून उत्तर येतं आहे. वय बासष्ट-त्रेसष्ट, अंगानं काटक, डोक्याला लाल पटका, खांद्यावर आडवी काठी. या काठीनं त्यानं आयुष्यात एकाही गुराला मारलेलं नाही. गोरेगाव या बाजाराच्या गावापासून जीपनं अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याला जो तांडा आहे, त्याची गुरं राखणं हे त्याचं काम. दहाव्या वर्षी ती काठी हातात आली ती आजतागायत आहे.

हा तांडा तिथं कसा बसला याची एक गोष्ट आहे, आणि ती आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पेमाचे पणजे लदेणीवाले, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे. त्यांच्यात एक बैल देवाचा असे. त्याच्या पाठीवर ओझं नाही, नाकात वेसण नाही, अंगाला काठी नाही. तो सगळ्यांच्या पुढं चालायचा, आणि तो जिथं बसेल तिथं तांडा थांबायचा. तो उठेपर्यंत कुणी पुढं पाऊल टाकायचं नाही, मग डोक्यावर ऊन असो की पाठीमागं चोर. एके वर्षी देवाचा बैल या डोंगराखाली बसला तो नऊ दिवस बसला. दहाव्या दिवशी उठला खरा, पण तोवर बायकांनी चुली घातल्या होत्या, ओढ्यात झिरे खणले होते, आणि चालून चालून पुरुषांचेही पाय मोडून आले होते. तांडा तिथंच राहिला. पुढं ट्रक आले, लदेणी संपली, माणसं शेती करायला लागली. देवाच्या बैलाची रीत मात्र राहिली.

तांड्याच्या डोक्यावर जो माळ आहे त्याला बोडकी म्हणतात. वर चांगला चाळीस हेक्टरचा सपाट तवा. मुरूम, दगड आणि कुठंकुठं गुडघ्याएवढी खुरटी झुडपं. पावसाळ्यात गवत यायचं, दिवाळीला संपायचं, आणि फाल्गुनात उरलंसुरलं वाळकं गवत पेमा काडी लावून जाळून टाकायचा. पेटवलं की नवं गवत लुसलुशीत येतं, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. तीस वर्षं त्यानं हे काम नेमानं केलं. चढ संपला की माळ सपाट होत असल्यामुळं खालून, तांड्यातून, वरचं काहीच दिसत नाही. दिसते ती फक्त कड. ही बाबही ध्यानात ठेवायची, कारण पेमाचा सगळा जीव पुढं या कडेवर टांगला गेला.

आता देवाचा बैल. तो म्हणजे धोळ्या. पांढराशुभ्र वळू, वशिंड असं की गोरेगावच्या बाजारात माणसं वळून बघायची. हा पेमाच्याच गाईचा. जन्मला आणि चौथ्या दिवशी गाय पान लागून, म्हणजे साप चावून, मेली. पेमानं वासराला बाटलीनं दूध पाजलं, थंडीत स्वतःच्या घोंगडीत घेतलं, आणि जगला तेव्हा तांड्याचे देव जे महाराज, त्यांच्या नावानं सोडला. तेव्हापासून धोळ्या तांड्याचा देव, पण खुद्द देवाच्या मते पेमा ही त्याची आई. पेमा जाईल तिथं तो जायचा. आणि तो जाईल तिथं त्याच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजावर तांड्याची सगळी गुरं जायची.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका संस्थेची निलम नावाची मुलगी तांड्यात आली. वसमतकडच्या हट्टा गावची. शेतीचं शिकलेली, उन्हानं रापलेली, बोलायला चटपटीत. देवळापुढच्या ओट्यावर तांडा जमला. निलमनं सांगितलं की बोडकीवर रान उभं करायचं आहे. जेसीबीनं माळ साफ करायचा, खड्डे घ्यायचे, खड्ड्यांत रोपं लावायची. जगभरच्या धुरामुळं हवेत कार्बन फार झाला आहे, तो झाडं धरून ठेवतात. त्याबद्दल तांड्याला पाण्याची टाकी आणि नळ मिळतील. मात्र चार पावसाळे गुरं वर न्यायची नाहीत. गवत कापून खाली आणायचं.

सगळे माना डोलवत होते. नळाचं नाव निघाल्यावर बायकांनी तर जरा जास्तच डोलवल्या. तेवढ्यात मागून पेमाचा आवाज आला.

"झाडं लावायची काहून? झाडं हाईत की वर."

ओट्यावर हशा पिकला. तांड्याचा नायक देविदास, पेमाहून वीस वर्षांनी लहान, डोळे पुसत म्हणाला, "पेमादादा, ऊन लागलं का तुमाला? बोडकीवर झाड असतं तर तिला बोडकी कोन म्हनलं असतं?"

पेमाला दोन वाक्यांच्या वर बोलायची सवय नव्हती. तो उठला, कोपऱ्यातली कुदळ खांद्यावर टाकली आणि चढाकडं चालू लागला. त्याच्यामागं धोळ्या, धोळ्यामागं गुरं. आणि त्या मुलीचं कौतुक एवढ्यासाठी, की हसणाऱ्यांत न बसता तीही मागं निघाली.

वर एका खुरट्या झुडपापाशी पेमा थांबला. गुरांनी खाऊन खाऊन त्याची केरसुणी झालेली, दहा-बारा बारीक फोक, वर चार पानं. "हे काय?" पेमानं विचारलं.

"पळस. झुडूप आहे."

"झुडूप न्हाई बाई. झाड हाय. माझ्या बापापरीस म्हातारं."

त्यानं कुदळ घातली. वीतभर खाली मनगटाएवढं मूळ लागलं. हातभर खाली ते पोटरीएवढं झालं. निलमनं फावडं हातात घेतलं. दोघं दुपार कलेपर्यंत खणत होते. खड्डा छातीएवढा झाला तेव्हा मूळ मांडीएवढं जाड होतं आणि मुरूम फोडून काळ्या खडकाच्या भेगेत शिरलं होतं. निलम पालथी पडली, भेगेत खांद्यापर्यंत हात घातला. मूळ लागतच होतं. आत गार लागत होतं. बाहेर वैशाखातलं ऊन, दगडाला हात लावला तर चटका बसावा असं, आणि त्या भेगेत त्या मुळाला ओल होती.

"तुम्हाला कसं माहीत, काका?"

पेमाला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. दर दिवाळीला घर पांढरं करायचं म्हणजे चुन्याला कुंचा लागतो. पळसाचं बोटभर जाडीचं बाजूचं मूळ खणून, ठेचून त्याचा कुंचा होतो. लहानपणी आई त्याला धाडायची, पुढं बायको, मिराबाई, धाडायची. "पन्नास साल झाले मुळ्या खनतो," तो म्हणाला, "एकाचाबी शेवट दिसला न्हाई मला."

मग तो तिला माळभर घेऊन फिरला. काठीचं टोक जमिनीला लावायचा आणि नाव सांगायचा. हा धावडा. ही टेंभुर्णी. हा खैर. हा मोह, याला गुरं सोडीत न्हाईत म्हनून असा चपटा. निलमला जिथं फक्त दगड दिसत होते तिथं तो नावं घेत होता, तांड्यातल्या घरांपुढून जाताना घ्यावीत तशी. तिनं दोरीनं दहा मीटरचा चौकोन आखला आणि त्यातले ठोंब, म्हणजे मुळावर उभे खुंट, मोजले. सदतीस भरले. ती एका दगडावर बसली ती बराच वेळ उठली नाही.

"हे सगळं जिवंत आहे, काका?"

"मेलं असतं तर दर साली कोंब काहून आला असता? गुरं खातेत, ते येतं. मी जाळतो, ते येतं."

बोलता बोलता पेमा अडखळला. आपण काय म्हणालो ते त्याला स्वतःलाच नव्यानं ऐकू आलं असावं.

निलमनं विचारलं, "झाडाचं लाकूड कशाचं बनतं सांगा बरं?"

"मातीचं."

"नाही काका. मातीतून पाणी येतं, थोडं खत येतं. पण लाकूड बरंचसं हवेचं असतं. पान हवा घेतं आणि तिच्यातला कार्बन धरून त्याचं लाकूड करतं. जाळलं की तो परत हवेत जातो."

पेमानं त्या मुळाकडं पाहिलं, मग वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, त्यात काही दिसण्यासारखं नव्हतं. तरी तो मान वर करून उभाच राहिला. "म्हंजे माझ्या हातानं गेलं ते समदं वर हाय?" त्यानं विचारलं. निलमनं होकारार्थी मान हलवली. तीस वर्षांच्या काड्या. ही बोच त्या माणसानं मिराबाईला सोडून कुणाला सांगितली नाही.

जेसीबी रद्द झाला. निलमनं तिच्या साहेबांशी फोनवर भांडभांड भांडून तो रद्द करवला. ठरलं असं, की एकही खड्डा घ्यायचा नाही. प्रत्येक ठोंबावरचे दोन सरळ फोक ठेवायचे, बाकीचे कापायचे, म्हणजे सगळ्या मुळाचा जोर त्या दोघांना मिळेल. बाकी काम बोडकी स्वतः करील. पण गुरं बंद म्हणजे बंद. देविदास नायकाला हे काही पचेना. रोपं लावली तर निदान दिसतात तरी. इथं काहीच न लावता चार वर्षं माळ सोडायचा?

"आन् काहीच न्हाई आलं तर?" त्यानं विचारलं.

"तर ही काठी चुलीत घाला," पेमा म्हणाला, "आन् परत माझं तोंड पाहू नका."

न बोलणारा माणूस एवढं बोलला म्हणून तांड्यानं ऐकलं. देवळापुढच्या पांढऱ्या झेंड्याखाली हातात पाणी घेऊन सगळ्यांनी शपथ घेतली. चढाच्या पायथ्याला हद्दीचा दगड रोवला. तारेचं कुंपण नाही, काही नाही. शपथ मोडणारा तांड्यात कुणी निघणार नव्हता.

आणि शपथेत एक भोक राहिलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. इतर कुठल्या गावात हे झालं नसतं, पण या लोकांना देवाचा बैल इतका अंगवळणी पडलेला, की तोही चार पायांचं जनावर आहे हेच ते विसरले.

तिसऱ्या दिवशी पेमा बायकांना फोक निवडायला शिकवण्यासाठी वर गेला. गुरं हरिचंद नावाच्या शेजाऱ्याकडं सोपवली होती. हरिचंद बिचारा ओढ्याकाठी गुरं घेऊन बसला होता. धोळ्यानं मान उचलली, वारा हुंगला आणि आईच्या मागावर चढाला लागला. हरिचंदनं हात जोडले, विनवण्या केल्या. देवाच्या बैलाला काठी मारणार कोण? घंटा वाजत वर निघाली आणि तिच्यामागं दोनशे गुरं. बायका ओरडायला लागेपर्यंत गुरांनी वरच्या कडेचा सगळा पट्टा साफ केला होता. त्या सकाळीच तिथले जास्तीचे फोक कापले होते. प्रत्येक मुळाला दोनच उरले होते, आणि ते दोन्ही गेले. पाऊणशे ठोंब नुसते भुईसपाट. धोळ्या मात्र पेमाला गाठून त्याच्या खांद्याला डोकं घासत उभा होता, फार मोठा पराक्रम केल्यासारखा.

 पेमानं गुरं खाली आणली, आणि देवळापुढं तो सगळ्यांदेखत म्हणाला, "जिथं मी, तिथं हा. जिथं हा, तिथं गुरं. मी वर जानार न्हाई. चार पावसाळे दगडाच्या वर पाय ठेवला तर मी तुमचा न्हाई."

झालं. बोडकीच्या पोटात रान आहे हे ज्या एकट्याला ठाऊक होतं, त्यालाच ते वर येताना बघायची बंदी झाली, आणि ती त्यानं स्वतःच स्वतःला घातली. त्या दिवशी मिराबाईनं त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसून स्वतःच रडली.

तिथून पुढं पेमाचं रान मिराबाईच्या तोंडून वाढलं. ती रोज बायकांबरोबर गवताला वर जायची. फोक कसे निवडायचे ते पेमानं तिला दारातच काटक्या मांडून शिकवलं होतं. ती परतली की हा घोंगडीवर बसून वाट बघत असायचा, पण विचारायचं नाही. मिराबाईही पक्की. हातपाय धुवायची, पाणी प्यायची, भाकरी थापायला घ्यायची, आणि मग दया आल्यासारखं एखादं वाक्य सोडायची.

पहिल्या साली ती म्हणाली, "पळस गुडघ्याच्या वर गेला."

"गुडघ्याएवढा तर पहिल्यापासूनच व्हता."

"तवा केरसुनी व्हती. आता झाड दिसून राहिलं."

"आन् तो कडेचा पट्टा? खाल्लेला?"

यावर ती पहिले काही महिने उत्तर देत नसे. मग एके दिवशी तिनं पदराच्या गाठीतून एक तांबूस कोवळं पान काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. धावड्याचं होतं. "तिथलंच हाय," ती म्हणाली. पेमानं ते पान पटक्यात खोवलं. सुकून त्याचा भुगा झाला तरी काढलं नाही.

दुसऱ्या साली खैर तिच्या कमरेला लागला. तिसऱ्या साली ती चिडून आली. डोक्यावरचा गवताचा भारा म्हणे फांदीला अडकला आणि निम्मं गवत सांडलं. "बोडकीवर फांदीला!" ती कुरकुरत होती आणि पेमाला वाटत होतं तिनं हे पुन्हा सांगावं.

पण माणसाचं मन वाईट. जे डोळ्यांनी दिसत नाही त्यावर किती दिवस विश्वास ठेवायचा? फाल्गुन आला की त्याचे हात शिवशिवत. ओढ्याकाठी गुरं चारताना तो सारखा कडेकडं बघायचा. कडेवर काहीतरी हिरवं हलायचं, पण ते गवतही असू शकतं. दिवाळीला आटणारा ओढा पौषापर्यंत ओला राहायला लागला, मोर ओरडायला लागले, तरी त्याच्या मनातली पाल चुकचुकायची. ही बाई आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं तर सांगत नाही? निलम वर्षातून दोनदा टेप घेऊन यायची, झाडांचे घेर मोजायची, मातीचे नमुने पिशवीत भरायची. ती म्हणायची, "काका, मातीसुद्धा काळी होऊन राहिली हो." पेमा मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, हीपण मिराबाईच्याच पार्टीतली.

चौथा पावसाळा सरला. हिवाळा गेला, उन्हाळा आला, आणि तो उन्हाळा वाईट होता. ओढ्याकाठचं गवत संपलं, कडबा संपला. मृगाच्या आधी तांडा पुन्हा ओट्यावर जमला. निलमचं म्हणणं होतं की अजून मुदत वाढवा. झाडं उभी राहिली आहेत पण दोनशे गुरं एकदम शिरली तर खालची कोवळी पिढी एका हंगामात जाईल. तिच्याजवळ मुदतवाढीचा कागदही होता. देविदास वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या गाईंच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"चार पावसाळे म्हनले व्हते, चार दिले," तो म्हणाला. "शपथ फिटली. उद्या सकाळी गुरं वर." मग त्यानं मोठ्या माणसाचा मान म्हणून विचारलं, "पेमादादा, तुमचं काय म्हननं?"

सगळे पेमाकडं बघायला लागले. मिराबाई तर डोळ्यांनी त्याला ढकलत होती. पेमा म्हणाला, "मी काय सांगू? मी पाह्यलंच न्हाई."  खालच्या गाईही त्याच्याच होत्या, त्यांची पोटंही त्याला दिसत होती.

सकाळी पेमा गोठ्यात गेला तर धोळ्या जागेवर नव्हता. धोळ्या आता सोळा वर्षांचा, म्हातारा, दोन-तीन दिवस चाऱ्याला तोंडही लावत नव्हता. आजवर तो कधी पेमाला सोडून कुठं गेला नव्हता. धुळीत त्याचे खूर उमटले होते. ते चढाकडं गेले होते.

हद्दीच्या दगडापाशी देविदास आणि दहा-बारा जण सगळी गुरं घेऊन उभे होते. पेमा त्यांच्यातून वाट काढत गेला, दगडापाशी क्षणभर थांबला. शपथ फिटली होती. तरी पाय उचलेना. मग दूरवर, वरून, घंटा एकदा वाजली आणि तो चढायला लागला.

कड संपली आणि पेमा उभाच राहिला.

मिराबाई खोटं बोलली नव्हती. उलट तिनं कमी सांगितलं होतं. समोर माळ नव्हताच. दोन पुरुष उंच पळस, उन्हाळ्यातल्या नव्या पानांनी भरलेले, हाताएवढी रुंद पानं. त्यामागं खैर, त्यामागं टेंभुर्णी, मोहाची तांबडी पालवी, आणि कडेच्या त्या खाल्लेल्या पट्ट्यात धावड्यांची दाटी, बोट शिरू नये अशी. तो आत शिरला तेव्हा ऊन गेलं. पन्नास वर्षांत बोडकीवर त्यानं सावली पाहिली होती ती फक्त स्वतःची आणि गुरांची. इथं सावलीतून चालावं लागत होतं. पायाखाली पाला वाजत होता, पाल्याखाली माती मऊ होती आणि तिला वास होता. कुठलीतरी पाखरं डोक्यावर भांडत होती, त्यांची नावंही त्याला येत नव्हती. ज्याला इथला दगडन्‌दगड पाठ, तो पेमा वाट चुकला. त्याला स्वतःचंच हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. एकेका झाडाला हात लावत तो चालला. हे सगळं खालीच होतं. त्याच्या काडीखाली, गुरांच्या दातांखाली, इतकी वर्षं गप्प. आणि आता ते हवेतून परत येऊन उभं राहिलं होतं, साल, पानं आणि लाकूड होऊन. "माफ करा," तो म्हणाला. झाडांना म्हणाला की आणखी कुणाला, ते त्यालाही सांगता यायचं नाही.

एका मोठ्या पळसाखाली धोळ्या बसला होता. शेजारी तो दगड होता ज्यावर निलम बसली होती, म्हणून पेमानं झाड ओळखलं. ज्याचं मूळ त्या दोघांनी खणलं होतं तेच हे. धोळ्याच्या पांढऱ्या पाठीवर पानांच्या सावल्या हलत होत्या. त्यानं पेमाकडं पाहिलं, कान हलवला, आणि उठायची काही तयारी दाखवली नाही.

मागं पाला वाजला. देविदास आला होता. तोही चार वर्षांत इकडं फिरकला नव्हता. गवताला येत होत्या त्या बायका. तो आ वासून वर बघत होता. मग त्याची नजर खाली धोळ्यावर गेली आणि तो जागीच थबकला. त्यानं पायातल्या चपला काढल्या.

"बसला व्हय?" तो हळूच म्हणाला.

"बसलाय."

देविदास कडेपर्यंत गेला आणि खाली उभ्या असलेल्या माणसांना हाक देऊन म्हणाला, "गुरं फिरवा! देवाचा बसलाय. उठला की जाऊ."

कुणी वाद घातला नाही. घालण्यासारखं त्यात काही नव्हतंच. बायकांनी त्या दिवशी रानातलं गवत आणि पाला दुप्पट कापून खाली नेला, गुरांची तेवढी सोय झाली. पण धोळ्याला बघायला सगळा तांडा वर आला, म्हातारे, पोरं, पाहुणेरावळे, आणि धोळ्यापर्यंत पोचायचं तर रानातून चालावं लागत होतं. जो तो वर बघत चालायचा आणि मुळांना अडखळायचा.  पेमा धोळ्यापाशी बसून होता. ओंजळीनं पाणी पाजत होता, तेवढंच तो पीत होता. रोज सकाळी देविदास यायचा आणि विचारायचा, "उठला का?" पेमा नकारार्थी मान हलवायचा.

चौथ्या दिवशी सकाळी धोळ्यानं पेमाच्या मांडीवर हनुवटी टेकवली आणि एक लांब श्वास सोडला. त्यानंतर दुसरा आला नाही. पेमानं त्याचे डोळे मिटले आणि गळ्यातली घंटा सोडवली. तांड्यानं त्याला तिथंच पळसाजवळ पुरलं, गुलाल उधळून, माणसाला पुरावं तसं. मुळांना धक्का लागू नये म्हणून खड्डा कुठं घ्यायचा ते पेमानं काठीनं आखून दिलं.

निलम त्याच दिवशी आली. तिला बातमी लागली होती, पण कागदाचंही काम होतं. सगळं आटोपल्यावर तिनं चाचरत देविदासपुढं फॉर्म धरला. "नायक, मुदत वाढवायची का नाही, ते आज कळवायचं आहे. इथं लिहायचं असतं, किती वर्षं बंद ठेवणार ते. दहा लिहू? वीस?"

देविदासनं पेमाकडं पाहिलं. पेमा हातातल्या घंटेवरची माती पुसत होता.

"पेमादादा," देविदासनं रोजच्यासारखंच विचारलं, "उठला का?"

"न्हाई," पेमा म्हणाला.

"मग लिव्हा बाई," देविदास निलमला म्हणाला. "धोळ्या उठंपर्यंत."

निलमनं त्या छोट्या चौकटीकडं पाहिलं. तिच्यात फक्त आकडा मावेल एवढीच जागा होती. तिनं पेन काढलं आणि बारीक अक्षरात, चौकटीबाहेर जात, तसंच लिहिलं.